विश्वाचा श्वास आणि तिसऱ्या मजल्यावरची चादर

आमच्या परदेशातल्या इमारतीचं तळघर म्हणजे कपडे धुण्याची खोली. त्या रविवारी तिथे धुलाईयंत्रांच्या रांगेसमोर आमची सगळी मराठी मंडळी हात जोडून बसली होती. मधोमध रेशमी कापडाने झाकलेलं उंच आसन, त्यावर पितळेचं सिंहमुख. सिंहाच्या तोंडातून पांढरं धुकं येत होतं आणि आसनातून अखंड नाद घुमत होता, "हूंऽऽऽ".

"हा विश्वाचा श्वास!" फुंकरमहाराज गरजले. "आत ओढा. ढकलाढकली नको, विश्व सगळ्यांना पुरेल."

एकेक दमेकरी पुढे जाई, सिंहासमोर तोंड उघडून बसे आणि थोड्या वेळाने मोकळ्या छातीने उठे. हातही थरथरत.

"शक्ती संचारली!" महाराज सांगत. "पंप सोडा, कंप जोडा!"

मग तो भक्त खिशातला दम्याचा पंप काढून समोरच्या कपड्यांच्या टोपलीत टाकी आणि टाळ्या पडत.

हे महाराज पूर्वी दारोदार धूळ ओढायची यंत्रं विकत. मी त्यांना तेव्हापासून ओळखते. आमच्याकडचा गालिचा त्यांनी असा काही ओढला होता, की त्याची झालर यंत्रात गेली ती गेलीच.

पण माझं ऐकतो कोण? माझी धाकटी जाऊसुद्धा ऐकत नव्हती. तिला लहानपणापासून दमा. आपल्या गावी काय सुख होतं! जिन्यातला खोकला ऐकूनच आमचे म्हातारे डॉक्टर ओळखायचे, आज हिचं कितपत बिनसलंय ते. कंपाउंडर तर नाव न विचारता औषध काढून ठेवायचा. इथे सगळंच निराळं. ऐन वेळी लागणारा तिचा निळा पंप संपला, तेव्हा मी रिकामा पंप पर्समध्ये टाकून दुकानोदुकानी हिंडले. सगळीकडे एकच उत्तर, "या नावाचं औषध आमच्याकडे नाही. डॉक्टरांना दाखवा." आणि डॉक्टरांची वेळ मिळाली पुढच्या महिन्यातली.

त्या मधल्या पोकळीत महाराज शिरले.

"वहिनी, दोन तास कशी मोकळी होते म्हणून सांगू!" जाऊ म्हणायची.

"आणि मग?"

"मग पुन्हा दर्शनाला जायचं."

"अगं, पण रोजचा तपकिरी पंप तरी घे. तो अजून भरलेला आहे ना?"

"तो मी कालच टोपलीत टाकला."

मी कपाळावर हात मारला. रात्री तिची छाती शिट्ट्या मारायची आणि सकाळी ही जिना उतरून सिंहाकडे. तिला एकटीला सोडवेना, म्हणून त्या रविवारी मीही जाऊन बसले.

तिचा नंबर येईपर्यंत तिला बोलणंही जड झालं होतं. ती कशीबशी सिंहासमोर टेकली आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू ओली चादर घेऊन आत आला. परका माणूस, आमच्या बोलण्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता. त्याने गर्दीला वळसा घातला, भिंतीवरचा एक प्लग उपटला आणि आपल्या वाळवणयंत्राचा तिथे खोचला.

नाद थांबला. धुकं विरलं.

"देव समाधीत गेले!" महाराज घाईघाईने म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. त्यात सर्वांत आधी मिटले आमच्या वायरकाकांनी, आणि वायरकाका म्हणजे विजेचे इंजिनिअर!

भाडेकरू ओशाळला. आपण काहीतरी बिघडवलं असं वाटून त्याने पहिला प्लग परत खोचला. हूंऽऽऽ!

"देव जागे झाले!"

त्याने चादरीकडे पाहिलं, विचार केला आणि प्लग पुन्हा बदलला.

"पुन्हा समाधी!"

"अहो, ही कसली समाधी? हिचे ओठ निळे पडलेत!" मी ओरडले. "वायरकाका, डोळे उघडा आणि ती वायर कुठे जाते ते बघा!"

"वहिनी, तिथे हात लावला तर पाप..."

मी वाट पाहिली नाही. रेशमी कापड ओढलं. आत डब्याएवढं एक यंत्र होतं, त्याला नळी, नळीला औषधाची वाटी. शेजारी प्लास्टिकच्या कुप्या. मी कुपी हातात घेतली, पर्समधला रिकामा पंप काढला. पंपावर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं. कुपीवरही तेच बारीक नाव.

रुग्णवाहिकेला फोन लावून मी ते वाचून दाखवलं. पलीकडची बाई म्हणाली, "तेच द्या. तिला सरळ बसवून ठेवा. आम्ही निघालो."

वायरकाकांनी चादरवाल्याचा प्लग उपटून यंत्राचा खोचला आणि सिंहाचं डोकं काढून नळी जावेच्या तोंडाशी धरली. हूंऽऽऽ. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला.

"पाहिलात चमत्कार?" महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला.

"पाहिला," जाऊ धापा टाकत म्हणाली, "प्लगचा."

महाराज जिन्याकडे पळाले. चार पायऱ्यांत त्यांचाच श्वास अडकला. ते कठड्याला टेकले, झग्यातून निळा पंप काढला आणि दोन फवारे ओढले. यंत्र त्यांच्याच दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं निघालं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. यंत्र हवा दाबून औषधाचं धुकं करतं. त्या औषधाने आवळलेल्या श्वासनळ्या काही तास सैलावतात. हात थरथरतात तेही त्यानेच. पण नळ्यांची आतली सूज उतरते ती रोजच्या तपकिरी पंपाने, आणि नेमका तोच टोपलीत गेला होता. निळ्या पंपाचं औषध इथेही मिळत होतं, फक्त दुसऱ्या नावाने, दुसऱ्या वेष्टनात.

ती टोपली मी वर आणली आणि ज्याचा पंप त्याच्या दारात नेऊन दिला. काही जण लाजले, काही माझ्यावरच रागावले.

परदेशी असा किंवा घरी, औषधाचं मूळ नाव लिहून जवळ ठेवा, अडलं तर डॉक्टरांना आणि औषधवाल्याला विचारा, आणि बरं वाटतंय म्हणून रोजचं औषध आपल्या मनाने सोडू नका. चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा, पण त्याआधी वायर कुठे जाते ते पाहा. आमच्याकडे वायरकाका होते, तरी कुणी पाहिली नाही. अखेर एका माणसाला चादर वाळवायची होती, म्हणून सिंहाचं बिंग फुटलं आणि माझी जाऊ वाचली.