बारा आठवड्यांच्या आत

रंजीताने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि कापूस वेचणाऱ्या सुनयनाला तिसऱ्यांदा विचारलं,

"तिसरं कशानं पोसशील?"

सुनयना वेचतच राहिली. कमरेला बांधलेली ओटी कापसाने फुगली होती. तिच्या दोन मुली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून एकाच डब्यातून जेवत होत्या.

गावची आशाताई म्हणून असं विचारणं रंजीताचं कामच होतं, पण आज तिची जीभ जरा जास्तच चालत होती. सकाळी तिने स्वतःची तपासणी केली होती. लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा दोन रेघा उमटल्या, त्याही नेमक्या नवऱ्याची, अनुपची, जैनथ गावातली कंत्राटी नोकरी गेल्यावर. अनुप एवढंच म्हणाला होता, "आता कुठं परवडते?" गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव बारा आठवड्यांच्या आत वहीत घेणाऱ्या रंजीताने स्वतःचं नाव मात्र लिहिलं नव्हतं. वहीत आलं की गावभर होतं, मग गुपचूप काही उरकता येत नाही.

खरं तर तिला आज हरायचं होतं. सुनयनाने भांडावं, चार गोष्टी सुनवाव्यात, म्हणजे घरी जाऊन त्याच अनुपला सांगता येतील.

"पोरींच्या शाळेचं काय? दुखणंखुपणं निघालं त?"

सुनयनाचे हात थांबले.

"खरं हाय, ताई. घरीबी तेच म्हणून राह्यले. लिहा माझं नाव. आदिलाबादच्या दवाखान्यात मात्र तुमी संगं या."

रंजीताने घाईने पेनाचं टोपण लावलं.

"येवढ्यात मानलं? नीट इचार कर ना."

"तुमीच त सांगून राह्यले."

रंजीताने वही मांडीवर उघडली. शेवटचं पान दवाखान्यात पोट पाडायला न्यायच्या बायकांचं होतं. ते सोडून तिने गरोदर बायकांचं पान काढलं आणि भराभर लिहिलं.

सुनयना सातवी शिकली होती. तिने वाकून वाचलं.

"हे त तुमचं नाव हाय."

"हो."

रंजीताला वर बघवेना. लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त मोकळं वाटत होतं.

सुनयनाने ओटीची गाठ सोडली, कापूस खाली ठेवला आणि शेजारी बसली.

"मंग माझंबी तिथंच लिहा. खालच्या ओळीत."

धुऱ्यावर धाकटी रिकाम्या डब्याचं झाकण चाटत होती. मघाचा 'कशानं पोसशील'चा प्रश्न रंजीताच्या ओठांवर आला, पण विचारायला तोंड उरलं नव्हतं. तिने पेन खालच्या ओळीवर टेकवलं.