कल्ले बघायचे राहिले

नदीकाठच्या संशोधन केंद्रात सगळे तिला समोर मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की शिंपलेबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकतीस वर्षं एकाच जातीच्या शिंपल्यांसाठी जिवाचं रान केलेल्या बाईला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा ती कमरेइतक्या पाण्यात उभी असायची. नवरा म्हणायचा, "मी शिंपला असतो तर बरं झालं असतं. निदान महिन्यातून एकदा हातात घेऊन बघितलं तरी असतंस."

जातच तशी हट्टी. तळहाताएवढी, तपकिरी, ऐंशी-ऐंशी वर्षं जगणारी, आणि राहायची ती फक्त याच नदीत, दोन बंधाऱ्यांच्या मधल्या चार मैलांत. गेल्या दहा वर्षांत तिथे एकही लहान शिंपली सापडलेली नव्हती. ज्या होत्या त्या सगळ्या थोराड.

घोळ कुठे होता तेही बाईला माहीत होतं. या शिंपलीची पिल्लं डोळ्यांना धड दिसत नाहीत एवढी बारीक. आईने सोडली की त्यांनी एखाद्या माशाच्या अंगाला चिकटायचं, तीन आठवडे त्याच्यावर पोसून घ्यायचं, मग तळाला उतरून आपला संसार थाटायचा. मासा मिळाला नाही तर दोन दिवसांत खेळ खलास. पण मासा कुठला? बाईने चौदा जातींचे मासे टाकीत घालून पाहिले. पिल्लं चिकटायची आणि तिसऱ्या दिवशी गळून तळाशी पडायची, चौदाच्या चौदा वेळा.

आणि यंदा नदीतल्या सगळ्या शिंपल्या तपासल्या तर पोटुशी निघाली एकच. पाठीवर क्रमांकाची पट्टी चिकटवलेली, म्हणून तिचं नाव सोळा नंबर. तिला केंद्रातल्या टाकीत आणून ठेवलं होतं. आठवड्याभरात ती पिल्लं सोडणार होती. बाई चहाचा कप घेऊन टाकीपाशी बसायची आणि चहा गार करून उठायची.

त्याच आठवड्यात चष्मेवालीने खालच्या खणातली, औषधात टिकवलेल्या जुन्या माशांची बरणी काढली. ही चष्मेवाली दोन महिन्यांपूर्वी मत्स्यबीज केंद्रातून बदलून आलेली. दोन मुलांची आई, कामाला वाघ, पण प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करणारी.

"मॅडम, हा मासा पिल्लांना लावून बघितला नाही आपण?"

बाईने मानही वळवली नाही. "अगं, तो चिकट्या. त्याला कशाला लावायचा? तो तर आपला दुश्मन."

चिकट्या म्हणजे बोटाएवढा, बेडकाच्या तोंडाचा मासा. तळाच्या दगडांना चिकटून बसायचा, कुणी खात नसे, गळाला लागला तर लोक शिव्या घालून फेकून द्यायचे. बारा वर्षांपूर्वी बाईने दोनशे चिकटे फाडून पाहिले होते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात लहान शिंपल्यांचा चुरा निघाला होता. तिने अहवाल लिहिला: या माशाचा बंदोबस्त केल्याशिवाय शिंपल्या वाढणार नाहीत. अहवाल वरून मंजूर होऊन आला. तीन उन्हाळे खपून त्या चार मैलांतला चिकट्या संपवला. आणि चिकट्याही त्या चार मैलांखेरीज आणखी कुठे कधी कुणाला दिसलेला नव्हता.

"कल्ले बघितले होते का याचे?" चष्मेवालीने विचारलं.

"पोट बघितलं ना."

"पोट नाही हो, कल्ले. आमच्याकडे मासा हातात आला की आधी कल्ला उचलतात. रोग असो, जळू असो, सगळं तिथेच सापडतं."

बाईला जरा झोंबलंच. कालची आलेली मला शिकवतेय! "मग बघ की. बरणी काही पळून जात नाही."

चष्मेवालीने मासा चिमट्याने काढला, कल्ला कापून काचेवर ठेवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. काच हलवून तिने पुन्हा बघितलं. मग खुर्ची सरकवून उठली. "मॅडम, तुम्ही बघा."

बाईने बघितलं. कल्ल्याच्या पांढुरक्या झालरीत ओळीने दाणे बसले होते. प्रत्येक दाण्याला दोन शिंपा. एका कल्ल्यात साठेक तरी असतील, अगदी पाळण्यात निजवावीत तशी. दुसरा मासा काढला, त्यातही तेच. पाचवा काढला, त्यातही. बरणीवर चिठ्ठी होती, तारीख होती, आणि अक्षर बाईचंच होतं.

तिने चिमटा खाली ठेवला. दोनशे मासे तिने स्वतःच्या हाताने फाडले होते आणि कात्री चालवली होती ती फक्त पोटावर. कल्ला तिथून दोन बोटांवर होता. चिकट्या शिंपल्या खात होता, ते काही खोटं नव्हतं. दहातल्या दोन खात असेल. बाकीच्या आठ तोच जगवत होता, आणि तिने त्यालाच नदीतून हद्दपार केलं होतं.

"मॅडम, पाणी देऊ?" चष्मेवाली म्हणाली. बाई म्हणाली, "नको, मला मामाकडे जायचंय."

मामा म्हणजे तिचा सख्खा मामा. जन्म नदीत गेलेला कोळी. चिकटे काढायचं काम त्याच्याकडेच दिलं होतं, कारण त्याच्याइतका तळ कुणाला माहीतच नव्हता. त्या वेळी त्याने तोंड वाकडं केलं होतं हे बाईला चांगलं आठवत होतं. रस्त्याने जाताना तिच्या मनात एकच धावा चालला होता: मामाने लबाडी केलेली असू दे. आजवर ज्या माणसाच्या सचोटीचे गोडवे गायले, त्याने निदान या एका कामात आपल्याला फसवलेलं असू दे!

मामा आता नदीवर जात नसे. दोन खोल्यांच्या घरात खिडकीच्या गजाला जाळं बांधून लोकांची फाटकी जाळी दुरुस्त करत बसायचा.

"ये चिमणे," अठ्ठावन्न वर्षांच्या भाचीला तो म्हणाला. "आज शिंपल्यांना सुट्टी वाटतं?"

ती बसलीच नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बरणी, कल्ले, दाणे, सोळा नंबर. मामाची सुई चालूच होती.

"मामा, तू तेव्हा म्हणाला होतास. जिथे चिकट्या तिथे शिंपली."

"म्हणालो असेन."

"मी हसले होते तुला."

"हसली नव्हतीस. ‘मी दोनशे फाडलेत, मामा, तू किती फाडलेस?’ असं विचारलं होतंस. चारचौघांत." तो हे रागाने बोलला नाही, म्हणून तिला जास्तच लागलं.

"मामा, खरं सांग. तू सगळे काढले नाहीस ना? तुझं मन नव्हतं त्यात. कुठेतरी डोहात, कपारीत, थोडेतरी सोडले असशील. मी रागावणार नाही रे. तुझी शप्पथ, पाया पडेन तुझ्या."

मामाने सुई जाळ्यात खोवून ठेवली.

"सोडायचे होते गं," तो म्हणाला. "पहिल्या उन्हाळ्यात भरलेली बादली घेऊन कपारीच्या डोहावर उभा होतो. परत ओतली असती तर कुणाच्या बापाला कळलं असतं? मग म्हटलं, लेका, तू चौथी नापास. आपल्या अख्ख्या खानदानात ही एक पोरगी शिकली. ती काय उगाच सांगेल? माझंच चुकत असेल. आणि आलो मागे. तिसऱ्या उन्हाळ्याला तर बारीक दोऱ्याचं जाळं खास विणलं मी. शेवटचे तीन खडकाखाली हात घालून काढले. एकही राहता कामा नये म्हणाली होतीस ना? मी कधी अर्धवट काम केलंय का?"

"नाही," बाई म्हणाली, आणि मग मटकन खाली बसली.

तरी दुसऱ्या दिवशी दोघं नदीवर गेली. गुडघे दुखत असतानाही मामा पाण्यात उतरला, तेच बारीक दोऱ्याचं जाळं घेऊन. चार दिवस त्यांनी एकेक कपार धुंडाळली, एकेक दगड उलथला. खेकडे निघाले, गोगलगायी निघाल्या, कुणाचा तरी चष्मा निघाला. चिकट्या काही निघाला नाही. पाचव्या दिवशी सकाळी चष्मेवालीचा फोन आला. "मॅडम, सोळा नंबर उघडलीये."

मामाने केंद्रात आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज तो ओल्या पायांनीच आत आला. टाकीत सोळा नंबर वाळूत अर्धी रुतून बसली होती. शिंपा फाकल्या होत्या आणि मधून मांसाची एक पातळ झालर बाहेर आली होती. तिला डोळ्यासारखा ठिपका होता, बारीक शेपटी होती. झालर लपलप हलायची, थांबायची, पुन्हा हलायची.

"हे काय करतेय ही?" मामाने विचारलं.

"आमिष दाखवतेय. तिच्या माशाला ते त्याचं खाणं वाटतं. तो तोंड घालायला आला की पिल्लं त्याच्या तोंडावर उडवते."

मामाला हसू आलं. "लबाड आहे की! जन्मभर मी गळ टाकला, हिचा गळ जन्मापासून अंगातच." मग हसू विरलं. "असं किती दिवस करेल?"

"चार-पाच. मग पिल्लं तशीच पाण्यात सोडून देईल."

"आणि मग?"

"पुढच्या वर्षी पुन्हा."

"वय काय हिचं?"

"चाळीस."

या शिंपल्या किती जगतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "म्हणजे आणखी चाळीस वर्षं," तो म्हणाला. "मी नसेन, तूही नसशील. आणि ही दरवर्षी त्याला बोलावतच राहणार."

तेव्हा मात्र बाईला रडू आवरेना. चष्मेवाली समोर आहे, मॅडमने असं रडू नये, हेसुद्धा तिला सुचलं नाही. "मला माफ कर, मामा," ती म्हणाली.

"माझ्याकडे कशाला मागतेस, चिमणे? बादली माझ्याच हातात होती."

त्याने कोपऱ्यातलं स्टूल टाकीपाशी ओढलं आणि त्यावर बसला. बाईही शेजारी बसली. सोळा नंबरने झालर पुन्हा हलवली.