‘वीसतोंड्या’ मासिक कशाने मेलं

मला संपादकाने मारलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बोलण्याच्या ओघात मूळ मुद्दा शेवटी कुठेतरी सांदीत जातो. तुम्ही ऐकलं असेल की वाचक बदलले, नवी पिढी पडद्याला चिकटली, छापील अक्षराचे दिवस संपले. हे सगळं तोच सांगत फिरतो. गेल्या महिन्यात कुणीतरी त्याची मुलाखत घ्यायला आलं होतं, माझा इतिहास लिहायचाय म्हणून. त्यालाही त्याने हेच ऐकवलं आणि रुमालाने डोळे टिपले. मी मागच्या फळीवरच होतो. डोळे कोरडे होते.

मी ‘वीसतोंड्या’. एक मासिक होतो. टेबलाभोवती बसून सोंगं घेणाऱ्या मोठ्या माणसांचं मासिक. हसू नका, हसायचं पुढे पुष्कळ आहे.

त्यांचा खेळ साधा आहे. चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो. तो म्हणतो, “समोर पडका पूल आहे.” दुसरा म्हणतो, “मी उडी मारतो.” मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. माझं नाव त्यावरूनच पडलं. आकडा मोठा आला तर माणूस पलीकडे, लहान आला तर खाली. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्या पात्राचा सगळा जन्म एका कागदावर असतो: ताकद किती, जखमा किती, कुठल्या गावात कुणाला काय शब्द दिलाय. पेन्सिलीने लिहून, खोडून, परत लिहून तो कागद कापडासारखा मऊ होतो.

या मंडळींच्या दोन रीती होत्या आणि दोन्हींचा त्यांना फार अभिमान. पहिली, बोललं ते झालं. तोंडातून “दार उघडतो” निघालं की दार उघडलं, मग आत काही का असेना. दुसरी, पात्र मेलं की त्याचा कागद तिथल्या तिथे फाडायचा आणि ते पात्र पुन्हा कधी खेळायचं नाही. कार्यालयात दिलेला शब्द रोज फिरवणारी माणसं ही, पण टेबलावर हरिश्चंद्राचे बाप.

माझा जन्म संपादकाच्या जेवणाच्या टेबलावर झाला. तो शाळेत भूमिती शिकवायचा. सकाळभर पोरांच्या वह्यांत लाल रेघा ओढायच्या आणि दुपारी घरी येऊन माझ्यात. ‘दोन शब्द’ नावाचं त्याचं सदर होतं. चार पानं चालायचं.

बाकी मला बनवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीने. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायची. घरी आली की माझ्यासाठी भुयारं, किल्ले, चोरवाटा काढायची. तिच्या भुयारातसुद्धा सांडपाणी जायला वाट असायची. राक्षस राहतो म्हणून काय झालं, असं म्हणायची. पत्रं तीच वाचायची, मजकूर तीच जुळवायची, नियमांचे तक्ते तीच आखायची. माझ्या पहिल्या पानावर मात्र एकच नाव होतं. कुणाचं ते विचारायची गरज नाही.

वाचकांबद्दलही बोलतो, त्यांनाही कशाला सोडू. आईला महिनोन्‌महिने फोन न करणारी माणसं मला सहा-सहा पानांची पत्रं लिहायची, अजगर दिवसाला किती बोकड खाईल यावर. अंक आला की आधी आपलं पत्र छापलंय का बघायचं. नसलं तर माझ्यावर चहाचा कप ठेवायचा. असलं तरीही ठेवायचा, पण ते पान सोडून.

तरी मी चालत होतो. लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे, तेवढं एकच माझ्याकडे होतं. पान बारावर जे असेल ते बारा गावांत त्या रविवारी घडायचं.

मग आला सदतिसावा अंक. त्याच्या आधीच्या अंकात संपादकाने ‘दोन शब्द’ मध्ये रडगाणं गायलं होतं की खेळ मवाळ झालाय, हल्ली कुणी मरतच नाही, पुढल्या अंकात कडक नियम येतोय. बहिणीने तक्ता केला. पान अकरा. पात्र घायाळ होऊन पडलं की फासा टाकायचा. पाच किंवा कमी आले तर मेला, सहा किंवा जास्त आले तर वाचला. वर दोन मथळे, खाली दोन रकाने. मवाळांसाठी कडक, पण माणुसकी ठेवून.

छपाईच्या दिवशी सकाळी संपादक छापखान्यात गेला. मथळ्यांची अक्षरं त्याला किरकोळ वाटली. “सरका जरा,” म्हणाला आणि स्वतः बसून त्याने दोन्ही मथळे ठळक अक्षरांत पुन्हा टाकले. ‘मेला’ च्या जागी ‘वाचला’ आणि ‘वाचला’ च्या जागी ‘मेला’.

छापखानेवाला म्हणाला, “ताईंना दाखवू का एकदा? पान त्यांचं आहे.”

“मी तीस वर्षं वह्या तपासतोय,” संपादक म्हणाला. “चालवा मशीन.”

छापखानेवाल्याने चालवलं. शहाणा माणूस शिक्षकाशी वाद घालत नाही.

त्या महिन्यात गावोगावी पात्रं मेली. उत्तम फासा पडला की मेली. कुणालाच शंका कशी आली नाही? आली असणार. पण कडक नियम येतोय हे मीच सांगितलं होतं ना. आणि कागद तर रीतीप्रमाणे जागच्या जागी फाडले गेले. नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांचे कागद.

पत्रं यायला लागली. एका परिचारिकेने पाकिटात फाटक्या कागदाचा अर्धा तुकडाच घातला होता. सोबत चिठ्ठी: “माझी वैदू नऊ वर्षं जगली. काल एकोणीस पडले. एकोणिसाला मरतात हे मला पटलं नाही, पण तुमच्यात छापलंय म्हणून फाडला. वॉर्डात दिवसभर रडत होते, लोकांना वाटलं घरचं कुणी गेलं.”

बहिणीने चिठ्ठी वाचली, मला उचललं आणि पान अकरा उघडलं.

“दादा, मथळे कुणी हलवले?”

“हलवले म्हणजे?”

“उलटे झालेत. जगायचे ते मेलेत सगळे.”

त्याने चष्मा लावून पाहिलं. कळलं त्याला. कान लाल झाले, मी त्याच्या हातातच होतो. पण तोंड? तोंड म्हणालं, “बघू.”

तिने तिथेच शुद्धिपत्र लिहिलं. चार ओळी. पान अकरावरचे मथळे उलटे छापले गेले, चूक आमची आहे, या तक्त्याने मेलेली सगळी पात्रं जिवंत समजावीत, फाटलेले कागद चिकटवून घ्यावेत.

“हे नाही छापायचं,” तो म्हणाला.

“का?”

“एकदा शुद्धिपत्र छापलं की लोक प्रत्येक पानावर शंका घेतात.”

“घेऊ देत की. वाचतात तरी कळेल.”

“आणि ‘चूक आमची’ कशाला? नियम कडक आहे, एवढंच. बोललं ते झालं, तसं छापलं ते झालं.”

“ते टेबलावर, दादा. हा छापखाना आहे.”

“माझ्या मासिकात मी ठरवतो.”

अडतिसावा अंक शुद्धिपत्राशिवाय निघाला. त्याऐवजी ‘दोन शब्द’ मध्ये मरणाच्या थोरवीवर चार पानं होती. ज्यांची पात्रं चुकून मेली होती त्यांना त्याने रडके म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्याच्याच टेबलावर खेळ होता. सूत्रधार अर्थात तोच. बहीण होती, त्याचा जुना मित्र दंतवैद्य होता, आणखी दोघे होते. या सगळ्यांनी तो तक्ता छापण्याआधी खेळून पाहिला होता. खरा नियम काय, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

बहिणीचं पात्र होतं एक लोहारीण. अकरा वर्षं खेळत होती तिला. डावा हात भाजलेला, कुणाचं उसनं न ठेवणारी, घोड्यांना घाबरणारी. ती बुरुजावरून पडली. बहिणीने फासा टाकला. सतरा.

तिने फासा त्याच्यासमोर सरकवला.

“सतरा आहेत, दादा.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“पान अकरा बघ.”

“पान अकरा चुकलंय. कुणी चुकवलं तेही तुला ठाऊक आहे.”

तिने दंतवैद्याकडे पाहिलं. लोकांना दिवसभर “तोंड उघडा, मोठं उघडा” सांगणारा हा माणूस स्वतःचं मिटून बिस्किटाच्या बशीकडे बघत बसला. बाकीच्या दोघांनी फासे डबीत भरायला घेतले. वडीलधारी म्हणतात ती हीच. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक, आणि आधी कुणी बोलायचं एवढ्यावर सगळं अडलेलं.

अजून वेळ होता. त्याने “जगली” म्हणायचं होतं. एक शब्द. सूत्रधाराला तेवढा अधिकार असतो, आणि भावाला तर त्याहून जास्त.

“मेली,” संपादक म्हणाला.

बोललं ते झालं. बहिणीने कागद उचलला, घडीवर नीट फाडला आणि दोन्ही तुकडे त्याच्यासमोर ठेवले. मग आपली पट्टी आणि पेन्सिली पिशवीत टाकल्या.

“पुढच्या अंकाचे नकाशे तूच काढ,” म्हणाली. चप्पल घातली, गेली.

त्याने काढले. भूमितीचा शिक्षक, रेघा सरळ आल्या, पण खोल्यांना दारंच नव्हती. एकोणचाळिसावा अंक लोकांनी हसत वाचला. चाळिसाव्याला पत्रंच आली नाहीत. माझ्या शब्दाखातर लोक आपलं माणूस फाडायचे, आणि मी तो शब्द खोटा पाडून वर त्यांनाच रडके म्हटलं होतं. मग कशाला लिहितील? एकेचाळिसावा निघाला नाही. शोकसभाही नाही.

आता माझे चाळीसही अंक त्याने निळ्या कापडात बांधून घेतलेत. आल्यागेल्याला दाखवतो, “आम्ही चळवळ उभी केली.” पाहुणा मान हलवतो. कुणी सदतिसावा उघडायला लागलं की तो चहा आणतो.

तुमच्याकडे कुठे माळ्यावर तो अंक असेल तर एक काम करा. पान अकरा काढा, पेनाने दोन्ही मथळे खोडा आणि बरोबर लिहा. माझ्याच्याने होत नाही, मी बांधलेला आहे.

संपादकाची बहीण त्या रविवारपासून त्याच्याशी बोललेली नाही. चौदा वर्षं झाली.