टकल्या थर्मनला मी चिकटले

मी चोया बोलतेय. जरा लांबूनच ऐका, जवळ येऊ नका.

अ‍ॅरिझोनातल्या राखीव वाळवंटात, पायवाटेच्या वळणावर माझा मुक्काम. जात निवडुंगाची. शाळा-बिळा काही नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गप्पा ऐकून शहाणी झाले. आईच्या अंगाचं एक कांडं कोल्ह्याच्या शेपटीला चिकटलं, त्यानं ते इथं घासून पाडलं, तीच मी. चिकटल्याशिवाय आमचा वंश वाढत नाही. पण मला मेलीला त्याचा चाळाच लागला.

उन्हं कलली की माझे काटे सोन्यासारखे चमकतात. माणसं भुलून जवळ येतात. मी हळूच एक कांडं सोडते पोटरीवर. मग तो नाच बघावा. इथली जुनी माणसं खिशात फणी ठेवतात. कांड्याखाली फणी सारायची, झटका द्यायचा, सुटका.

थर्मन इथलाच, पण टकला. बायकोबरोबर यायचा तेव्हा फणी तिच्या पर्समध्ये असायची. मागच्या थंडीत बाई गेली. त्यानंतर फणी घ्यायचं ह्याच्या डोक्यात कसं येणार?

मे महिन्यातल्या एका दुपारी तो एकटाच आला. त्या उन्हात इथं सरडासुद्धा बाहेर पडत नाही. माझ्या बोटभर सावलीशी थांबला, तेवढ्यात लेकीचा फोन आला. कानानं कमी, त्यामुळं फोनचा आवाज मोठा. सगळं मला ऐकू आलं.

"बाबा, कुठं आहात?"

"झाडांना पाणी घालतोय गं, जोलीन."

"एकटे डोंगराकडं गेलात ना, तर गाडीची किल्ली काढून घेईन. तुम्हालाही सरळ माझ्याकडं आणून ठेवीन."

"अगं, अंगणातच आहे मी. नळ चालू आहे, ठेवतो."

म्हटलं, बरा थापाड्या आहे, आपल्यातलाच. दिलं सोडून कांडं.

त्यानं उजव्या हातानं ते ओढलं. असं कधी करायचं नसतं. हात पोटरीला खिळला, पाण्याची बाटली उतारावरून गडगडत गेली. मी हसून हसून बेजार. मग बघते तर म्हातारा वाकलेला तो वाकलेलाच. डाव्या हातात फोन होता. त्यानं त्याकडं बघितलं आणि खिशात टाकला.

"नको," स्वतःशीच म्हणाला. "किल्ली जाईल."

तसाच उन्हात खाली बसला. तासभर. ओठ पांढरेफटक पडले. माझं हसू कधी गेलं, मला कळलं नाही. त्याच्यावर सावली धरावी असं फार वाटलं. पण जन्मभर काटेच वाढवले, पान एक नाही. धरू काय?

शेवटी वाटेवर देखरेख करणारी रमोना आली.

"अहो दादा, फणी कुठाय तुमची?"

"आधी माझं डोकं बघा, मग विचारा."

ती हसली. आपल्या फणीनं तिनं कांडं उडवलं, हात मोकळा केला, पाणी पाजलं. उठवायला गेली तर त्याचे पाय लटपटले.

"ताई, लेकीला कळवू नका. दहा मिनिटं बसतो, मग जातो."

"दादा, उभं राहता येत नाही तुम्हाला. माणसं बोलवावीच लागतील."

स्ट्रेचर आलं, आणि मागोमाग जोलीन. ती ओरडली नाही. बापाच्या खिशातून किल्ली काढली आणि आपल्या खिशात ठेवली. तो दुसरीकडं बघत राहिला.

महिन्यानं दोघं सकाळची आली. तिनं त्याचा दंड घट्ट धरलेला. आता तो तिच्याकडंच राहतो.

"कोणती होती ती, बाबा? दाखवा. ऑफिसात सांगून तोडायलाच लावते."

थर्मननं नीट माझ्याकडं बघितलं. कांडं तुटल्याची खूण अजून अंगावर होती.

"आठवत नाही गं," तो म्हणाला. "सगळ्या सारख्याच दिसतात."

तर बाबांनो, एकटे येत असाल तर वाटेच्या पलीकडच्या कडेनं जा. मला बाजूला सरकता येत नाही.

आणि थर्मन, बोट दाखवलं असतंस तर बरं झालं असतं रे. एकदा तुटून मोकळी झाले असते.