वाळायला ठेवलेले बाबा

कला अमर असते. राजे जातात, राज्यं जातात, चित्र मागे उरतं. फक्त ते आधी वाळावं लागतं.

चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गाचं शेवटचं प्रदर्शन होतं आणि चिमीच्या वाट्याच्या खोलीत तिचे बाबा अजून वाळले नव्हते. हे बाबा तैलरंगातले, भिंतभर उंच, बसच्या स्टिअरिंगवर हात ठेवलेले. खरे बाबा, म्हणजे ती बस चालवणारे, रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभे होते आणि पूर्ण कोरडे होते.

दोष द्यायचाच तर थापी सरांना द्यावा लागेल. हे चिमीचे मार्गदर्शक. स्वतः काडीपैलवान, पण रंग गवंड्यासारखा थापावा असं त्यांचं मत, म्हणून हे नाव. "रंग काय जीव मुठीत धरून लावतेस? थाप," असं म्हणून ते निघून जात. चिमी आज्ञाधारक. तिने थापला. रंग फिरावा म्हणून वर जवसाचं तेलही सढळ हाताने ओतलं. गेल्या आठवड्यात सरांना मिशीत वजन कमी वाटलं, म्हणून मिशीवर आणखी एक थर चढला. काल सरांनी चित्रासमोर मोठे दिवे आणवले आणि ते रात्रभर चालू ठेवायला सांगितले. म्हणे, उजेड मुरायला हवा.

उजेड मुरला. सकाळी मिशी हनुवटीवर आली होती. नाक तिला निरोप द्यायला निम्म्या वाटेपर्यंत गेलं होतं. डावा डोळा गालावर विसावला होता.

"चिमे, मी असा दिसतो?"

"नाही हो बाबा. घसरलंय."

"मग ठीक. मला वाटलं, माझंच वय झालं."

चिमीने सुरीने मिशी वर ढकलून पाहिली. ती क्षणभर थांबली आणि येताना ओठ घेऊन खाली आली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आहे तेवढा तरी राहीन."

बापलेकीत एक करार झाला होता. पास झाली तर वर्षभर तिने चित्रं काढायची आणि घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. नापास झाली तर सोमवारपासून काकाच्या बोर्ड छापायच्या दुकानात बसायचं. काकालाही कलेची जाण होती. अक्षराला सावली दिली की गिऱ्हाईक खूश, हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. चिमीसाठी त्याने नवी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

थापी सर आले, चित्र वरून खाली पाहिलं, म्हणजे ज्या दिशेने ते चाललं होतं त्याच दिशेने. "वजन आलंय," म्हणाले, आणि शेजारच्या खोलीत गेले. त्यानंतर ते कुठल्याच खोलीत सापडले नाहीत.

बाहेरचे परीक्षक आले ते भारी कोटात. चित्राच्या अगदी जवळ गेले, कडेने वाकून पाहिलं, मागे आले.

"वितळता चेहरा. काळाचा ऱ्हास. बापाच्या सत्तेची घसरगुंडी."

चिमीने अजून काही म्हटलं नव्हतं, तेवढ्यात बाबांनीच जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"जुनं झालं हे," परीक्षक म्हणाले. "मागच्या वर्षी तिघांनी चेहरे वितळवले. त्याआधी एकाने अख्खं कुटुंब वितळवलं, सुनेसकट."

"सर, मी नाही वितळवलं. आपोआप घसरलं."

"म्हणजे अपघात?"

"हो."

"मग मार्क कुणाला देऊ? दिव्याला?"

"साहेब," बाबा पुढे झाले, "काल संध्याकाळपर्यंत मी हुबेहूब होतो."

"आपण कोण?"

"मूळ प्रत."

परीक्षकांनी एकदा भिंतीकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं. "साम्य कमी आहे," म्हणाले. हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. "मेहनत दिसते, पण पास करता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसा." आणि वळून गेले.

चित्रातला उजवा डोळाही आता निघायच्या बेतात होता.

"काकाकडे एसी आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि रंग मशीनमधून वाळूनच येतो."

"हो बाबा."

"दुपारी जेवायला सोडतो तो. मी विचारलंय."

चिमीने दिवे बंद केले. आता त्यांचा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात परीक्षक परत दारात दिसले. चिमी ताठ उभी राहिली, बाबांनी शर्ट खाली ओढला. परीक्षकांनी आधी मागे कुणी नाही ना ते पाहिलं, मग आत येऊन कोपर पुढे केलं. बाहीवर बाबांची अर्धी मिशी होती.

"ताई, जरा टर्पेंटाईन मिळेल का? कोट साडूचा आहे."