खोक्यातली मोकळी जागा

कुरिअरच्या काउंटरवर एकवीस वर्षं काढली, पण लोकांना अजून पटत नाही की मोठ्या खोक्यात नुसती पिसं भरली तरी पैसे जागेचे पडतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. ते किलो आणि काट्यावरचे किलो, यांत जे जास्त त्याचं बिल. म्हणून मी सुरी घेतो आणि खोके कापून लहान करतो. न विचारता. तेवढाच माझा मोठेपणा.

त्या दुपारी एक काकू हातभर उंच खोका घेऊन आल्या. परदेशातल्या लेकीला पाठवायचा होता. आत नवऱ्याचा जुना स्वेटर, बाकी काही नाही. काट्यावर दीड किलो, मापाने तीस.

"काकू, हवेचे पैसे भरताय."

"भरते. ह्यांचा जीव अडचणीच्या जागेत गुदमरतो." मग म्हणाल्या, "गेल्या महिन्यात गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ह्यांची मेल्यावरही गेली नाही. लेकीची शेवटची भेट राहिली, म्हणून पाठवतेय."

दुःखात माणूस काहीही बोलतं. त्या पत्ता आणायला घरी गेल्या आणि माझे हात शिवशिवले. खोका कापला, स्वेटर दाबून बसवला, चिकटपट्टी मारली. काट्यावर ठेवला. चार किलो. मग अकरा. सव्वीस. पट्टी आतून ताणत होती. अठ्ठावन्नवर ती फाटली आणि आकडा अर्ध्या किलोवर आला. पंखा बंद होता, तरी काउंटरवरच्या पावत्या उडाल्या.

काकूंनी परत येऊन खोका उचलला मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

"लहान केलात?"

"काका वजनाने किती होते?" मी विचारलं.

"शेवटी अठ्ठावन्न. का हो?"

मला सांगायचं धाडस झालं नाही. पार्सल तसंच रवाना केलं.

आठ दिवसांनी लेकीचा फोन आला. "स्वेटर मिळाला. आई म्हणाली होती, बाबाही येतील. ते तुमच्याकडेच राहिले का?"

मी काट्याकडे पाहिलं. वर काहीच नव्हतं. अठ्ठावन्न.

आता काट्याशेजारी मी सगळ्यात मोठा खोका उघडा ठेवलाय. सुरी फेकून दिली. रोज सकाळी म्हणतो, "काका, या ना आत. लेक वाट बघतेय, पैसे मी भरतो."

आकडा हलत नाही. माझ्या हातच्या खोक्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही.