दिवाळीपर्यंत गाणी बंद

रविवारी सकाळी दहाच्या आत प्रत्येकानं सध्या कोणता अल्बम चालू आहे ते लिहायचं आणि तो का आवडला याच्या दोन ओळी टाकायच्या, असा त्या व्हॉट्सॲप ग्रुपचा कायदा होता. कायदा केला दिग्विजयनं. दिग्विजय म्हणजे दहिवडीकडच्या धनगराचा पोरगा, मोबाईलचे टॉवर दुरुस्त करत अख्खा माण तालुका मोटरसायकलवर पालथा घालणारा. ग्रुपात माणसं त्याला धरून नऊ. एक फलटणचा, एक औंधचा, कराडचे दोघं, बाकीचे सांगलीकडचे. कुणी आइसलँडचा बँड खणून काढायचा, कुणी चाळीस वर्षं धूळ खात पडलेला. एकमेकांचं ऐकायचे, कचाकचा भांडायचे आणि पुढच्या रविवारची वाट बघायचे. जगात यापेक्षा निरुपद्रवी नऊ माणसं सापडायची नाहीत.

अरिहंत त्यातला सगळ्यात जुना. कुपवाडला त्याचं लेथचं वर्कशॉप होतं, वडिलांनी, म्हणजे कल्लाप्पा अण्णांनी टाकलेलं. जानेवारीत अण्णा गेले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले ते बसलेच. अरिहंत रडला नाही. सगळं रीतसर केलं, भेटायला येणाऱ्यांना स्वतः चहा दिला आणि ‘वय झालं होतं’ हे त्यांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकलं. पोरगं खंबीर आहे, असं लोक म्हणाले. लोकांचं काय, डोळे कोरडे दिसले की त्यांना माणूस खंबीर वाटतो.

पंधरा दिवसांनी त्यानं हेडफोन लावले. एकेकाळी जो अल्बम ऐकून त्याच्या अंगावर काटा यायचा, तोच लावला. गिटार वाजत होती, माणूस जीव तोडून ओरडत होता आणि अरिहंतला ते शेजारच्या घरातल्या मिक्सरसारखं ऐकू येत होतं. दुसरा लावला, तिसरा लावला. तेच. जेवणाचंही तसंच झालं होतं, काय खाल्लं ते हात धुवेपर्यंत विसरायचा. हे तो कुणालाच बोलला नाही. रविवारी मात्र नेमानं दोन ओळी टाकत राहिला. ‘ड्रम ऐका, वेड लागेल.’ ‘बास गिटारनं काळजालाच हात घातला.’ सगळ्या थापा. आणि या थापांना पूर्वीपेक्षा जास्त अंगठे मिळायचे, हे आणखी विशेष.

आषाढात गावच्या जैन मंदिरात मुनिमहाराज चातुर्मासाला आले. त्यांच्यासमोर हात जोडून एखादी आवडती गोष्ट दिवाळीपर्यंत सोडायचा नियम माणसं घेतात. अरिहंतच्या आईनं, राजमतीनं, त्याला ओढूनच नेलं. बायकोनं, प्रियदर्शनीनं, गोड सोडलं. एका काकांनी मोठ्या भक्तीनं कारली सोडली. महाराज हसले आणि म्हणाले, “कारली नकोत. चहा सोडा.” काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग अरिहंतची पाळी आली. “गाणी सोडतो, महाराज,” तो म्हणाला. “एकूण एक गाणी.”

महाराजांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “आवडतात?”

“जीव आहे माझा त्यांच्यात.”

कारली सोडणारा पकडला गेला आणि हा सुटला. राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत तिनं आळीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं, की माझ्या लेकानं केवढी मोठी गोष्ट सोडली. अरिहंतला तेव्हा लाज वाटायला हवी होती. ती काही वाटली नाही. आता रविवारी थापा माराव्या लागणार नाहीत, एवढंच त्याच्या मनात आलं.

ग्रुपवर त्यानं कळवलं तसा दिग्विजयचा फोन आला. “काय रं हे खूळ? दिवाळीपतोर कायबी ऐकायचं न्हाई?”

“न्हाई.”

“सांगितलेलं चालतंय का?”

“म्हंजे?”

“म्हंजे मी ऐकनार आन तुला नुसतं तोंडानं सांगनार. त्येला काय तुझं म्हाराज न्हाई म्हननार न्हाईत.”

तेव्हापासून दर रविवारी, दहा वाजून गेले की, दिग्विजय फोन करून एक अल्बम सांगायचा. पहिलं गाणं कसं सुरू होतं, कुठं गिटार घुसते, गाणाऱ्याचा आवाज कुठं फाटतो, सगळं. मेंढरं राखणारा आजोबा वाड्यावर, कळपाच्या तळावर बसून ज्या चवीनं गोष्ट सांगेल, त्या चवीनं. अरिहंत ‘व्हय’, ‘बरं’, ‘लय भारी’ म्हणायचा आणि एकीकडे नखातली ग्रीस काढत बसायचा. दोस्ताला वाईट वाटू नये म्हणून ऐकायचं, एवढंच.

भाद्रपदातल्या एका रविवारी असाच फोन आला. घरातली माणसं मंदिरात गेली होती. कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातल्या चौघांचा अल्बम होता.

“शेवटचं गानं अकरा मिनटाचं हाय बग,” दिग्विजय सांगत होता. “चौघं जनू एका गाडीला जुंपल्यागत वाजवत्यात. आन मधीच गड्या, ड्रमवाला थांबतो. एकदम. बाकीचं तिघं थांबत न्हाईत. त्यास्नी ठावं हाय त्यो थांबलाय, पर ती वाजवतच ऱ्हात्यात, त्येची जागा मोकळी सोडून. आपल्याला वाटतंय, आत्ता येतोय, आत्ता येतोय. म्या म्हसवडच्या रस्त्याला गाडी बाजूला घेतली आन हुबा ऱ्हायलो, खरं सांगतो.”

“मग?” अरिहंत म्हणाला.

“मग काय?”

“मग येतोय का त्यो परत?”

आठ आठवड्यांत अरिहंतनं विचारलेला हा पहिला प्रश्न होता. “न्हाई सांगत जा,” दिग्विजय खूश होऊन म्हणाला. “लिंक टाकतो. दिवाळीला ऐक.” आणि फोन ठेवून दिला.

लिंक आली. अरिहंत मोबाईल हातात धरून उभा राहिला. त्याला ते ऐकायचं होतं. नुसतं बरं म्हणून नव्हे, तहान लागल्यासारखं ऐकायचं होतं. आधी त्याला दिग्विजयचा राग आला, मग महाराजांचा, मग स्वतःचा. अंगठा लिंकपर्यंत गेला आणि मागे आला. तोंडातून दिलेला शब्द थापेचा होता खरा, पण दिला होता. दिवाळीला अजून पावणेदोन महिने होते. पावणेदोन महिने कसे काढायचे, असं त्याच्या मनात आलं. पावणेदोन महिन्यांनी गाणं मिळणार होतं. अण्णा या दिवाळीला मिळणार नव्हते. पुढच्याही दिवाळीला नाहीत.

राजमती मंदिरातून आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता. चाळिशीचा बाप्या, खांदे गदगदा हलत होते, नाक गळत होतं. ती घाबरली. शेजारी बसून तिनं त्याच्या हातातला मोबाईल बघितला आणि तिला वाटलं, तिला कळलं.

“एवढं सोसत नसलं तर ऐक बाबा,” ती म्हणाली. “म्हाराजास्नी मी सांगते. प्रायश्चित्त घिऊ.”

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“आई,” तो म्हणाला, “अण्णा गेलं गं.”

आठ महिने झाले होते. राजमतीनं मोबाईल बाजूला ठेवला आणि त्याचं डोकं जवळ घेतलं.

“व्हय रं बाळा,” ती म्हणाली. “गेलं.”